तीन की आठ

माझी वरात निघायची वेळ झाली तेव्हा गोविंदमामा गाडीच्या बॉनेटमध्ये होते. कमरेपर्यंत आत. बाहेर नुसती नव्या पँटची मागची बाजू दिसत होती. वाजंत्री वाजवून वाजवून दमले, नवरी मागच्या सीटवर घामाघूम झाली. शेवटी मामा वर आले. कपाळाला ग्रीसचा टिळा. सगळ्या वऱ्हाडासमोर मला म्हणाले, "जावईबापू, फसवलं तुमाला! गाडी म्हातारी हाय आन् इंजन तरणं. दुसऱ्याचं काढून बसवलंय."

गाडी माझी नव्हतीच. नांदेडच्या एका ओळखीच्या माणसाकडून दिवसभरापुरती मागून आणलेली अँबॅसडर होती ती. पण सासरच्या मंडळींनी त्या दिवशी माझ्याकडे जे निरखून पाहिलं, जसं काही माझ्याही आत दुसऱ्या कुणाचं काही बसवलंय, ते पाहणं आजतागायत थांबलेलं नाही.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. लातूरला शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. लग्न केलं नाही. स्वतःचं वाहन म्हणाल तर सायकल. पण जुनी जीप, जुनी फियाट, जुनी अँबॅसडर दिसली की सायकल आडवी टाकून मालकाकडे जायचे. मालक बिचारा नाव सांगू लागला की हात वर. "नाव ऱ्हाऊ द्या, नंबर दाखवा."

मग पिशवीतून तारेचा ब्रश निघायचा, रॉकेलची बाटली निघायची आणि शिकवणी सुरू व्हायची. "हे बगा, हा ओतीव नंबर. साच्यातूनच वर उमटलेला. इंजन कवा जन्मलं ते हा सांगतो. आन् हा ठोकीव. मागून ठशानं ठोकलेला. इंजन कोणत्या गाडीला दिलं ते हा सांगतो. दोघांचं जमलं आन् कागदाशी जुळलं तर संसार बरा. न्हाईतर घोटाळा!" मालकानं जांभई दिली तर पुन्हा पहिल्यापासून.

त्या काळात लातुरात गल्लीगल्लीत क्लासेस निघाले होते. अहमदपूर, निलंगा, कुठून कुठून बाप पोरांना घेऊन यायचे. ज्यांच्याकडे जुनी जीप ती जीपनं. मामांना घरबसल्या पर्वणी. एकदा मी बरोबर असताना एका क्लासबाहेर त्यांनी एका शेतकऱ्याला बॉनेट उघडायला सांगितलं. त्यानं निमूट उघडलं. मामांनी आकडे मोठ्यानं वाचले, मान डोलावली, "उत्तम" म्हणाले. मागचा बाप घाबरला. त्याला वाटलं, ॲडमिशनची हीच पहिली पायरी! त्यानं आपलं बॉनेट उघडलं. मग त्याच्या मागच्यानं. अर्ध्या तासात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बॉनेटं उघडी आणि एक जण माझ्या कानाशी येऊन विचारतोय, "साहेब, ह्याचे बी मार्क धरायलेत का? माझं इंजन दोनदा उतरवलंय हो. पोरगं मात्र हुशार हाय."

मला हा सगळा वेडेपणा वाटायचा. बायकोनं एकदा खरं काय ते सांगितलं.

मामांचे थोरले भाऊ गावाकडे शेती करत. हौसेनं त्यांनी जुनी अँबॅसडर घेतली. सगळं अस्सल आहे म्हणून गावभर सांगितलं. मामा बघायला गेले आणि चहा प्यायच्या आधी बॉनेटमध्ये शिरले. कागदावर नंबरात आठ होता. इंजनावरचा इंग्रजी आकडा झिजलेला. मामा म्हणाले, "दादा, हा तीन हाय. इंजन ह्या गाडीचं न्हाई." दादा म्हणाले, "आठ हाय." तीन. आठ. तीन. आठ. पारावरचे लोक जमले. शेवटी दादा म्हणाले, "चारचौघांत मला येडं ठरवलंस. पुन्यांदा ह्या दारात येऊ नको."

मामा गेले नाहीत. मग भूकंप झाला आणि ते दारच राहिलं नाही. दादाही नाहीत.

वैनी वाचल्या. मामांनी त्यांना लातूरला आणलं, वरच्या खोल्या त्यांच्या नावे केल्या. खाली वैनींनी क्लासच्या पोरांसाठी मेस काढली. दोघांचं बरं चाललं होतं. फक्त एक गोष्ट वैनी विसरल्या नव्हत्या; मामांचं ताट त्या पोरांच्या हातीच धाडायच्या. दगडमातीखाली चेपलेली गाडी कोणीतरी भंगारात नेली होती. तिचं इंजन कुठंतरी चालत असणार, एवढं नक्की. मामा बाहेर निघाले की वैनी म्हणायच्या, "शोधा भावजी, शोधा. सापडलं की सांगा मला, माझा माणूस खोटा होता का खरा."

म्हणून मामा पिठाच्या गिरण्या, उसाचे चरक, विहिरीवरचे पंप पालथे घालत होते.

इंजन सापडलं उदगीरकडच्या एका जत्रेत. मीच त्यांना माझ्या गाडीतून नेलं होतं. (माझ्या गाडीविषयी त्यांचं मत: "तुमचं इंजन तुमचंच हाय. कोण कशाला नेईल?") मोठा पाळणा इंजनावर गरगरत होता. मामा एकदम थांबले, कान टवकारले आणि धावतच सुटले. "बंद करा! बंद करा!"

पाळणेवाल्यानं घाबरून ब्रेक दाबला. वरच्या पाळण्यात एक बाई लटकत राहिली.

"काय झालं ओ?"

"काई न्हाई ताई, नंबर वाचायचाय!"

"मग वाचा की लौकर! मला गरगरायलंय!"

इंजनाच्या कुशीला पिंपळपानाएवढा वेल्डिंगचा जोड होता. दादांनीच मारून घेतलेला. मामांनी त्यावर हात ठेवला आणि थोडा वेळ ब्रशच उचलला नाही. मग घासलं, पुसलं, आकड्यांच्या खाचांत खडू भरला आणि वरवरचा पुसला. मास्तरांच्या खिशात खडू असायचाच. पांढरे आकडे एकेक करून वर आले. मीही वाकलो. भांडणातला आकडा डाव्या बाजूनं वरही उघडा होता आणि खालीही. मला चष्म्याशिवायही दिसला. तीन.

मामांनी हाताच्या पंजानं सगळा खडू पुसून टाकला.

"सोडा पाळणा," ते म्हणाले.

आम्ही लातूरला परतलो. मेसमध्ये पोरं ताटं घेऊन बसली होती. वैनी तव्यापाशी. मामा उंबऱ्यात उभे राहिले.

"वैनी, सापडलं."

वैनींचा भाकरी थापणारा हात थांबला.

"आठ हाय. माझंच चुकलं होतं."

वैनींनी माझ्याकडे पाहिलं. "जावईबापू, तुमी बी बगितलं?"

"बघितलं मामी. आठच."

तव्यावरची भाकरी करपत होती. त्यांनी ती काढली नाही. मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "मला ठावंच होतं. ते उगं बोलायचे न्हाईत." एक पोरगा ओरडला, "मावशी, भाकरी!" तर म्हणाल्या, "थांब रे. आज आदी भावजीला." ताट वाढून त्यांनी मामांपुढं ठेवलं. बऱ्याच वर्षांनी आपल्या हातानं.

मामा बसले. घासाला हात घातला, तसं वैनी म्हणाल्या, "हात धुवा की. खडू लागलाय."

मामांनी पंजाकडे पाहिलं, उठले आणि मोरीत गेले. बराच वेळ नळाचा आवाज आला नाही.