दिवा आणि दळण

"हारुन, मी खिडकीमाईन रुमाल हालावसू, तवयच इंजिन चालू करजो. त्याना आगोदर हात लावानं नई," धुडकू आप्पांनी सकाळपासून हे चौथ्यांदा सांगितलं.

"आप्पा, आते पाचव्यांदा सांगशात तं मीच रुमाल घीसन बठसू आनि तुम्ही इंजिन फिरावा," हारुन म्हणाला.

हारुनची पिठाची गिरणी आणि कापसाचं गोदाम यांच्यामध्ये एकच भिंत होती. भिंतीत एक खिडकी होती आणि एक दार. गोदामात त्या दुपारी पक्षाची सभा होती. साल एकोणीसशे एकसष्ट. तालुक्याचा अध्यक्ष निवडायचा होता आणि उभे होते दोघं. करणसिंग बापूंचं म्हणणं, विहिरीविहिरीवर तेलाचं इंजिन बसवा. धुडकू आप्पांचं म्हणणं, गावोगाव विजेचे खांब आणा. जो निवडून येईल तो खांब कुठल्या गावाला आधी, याची यादी घेऊन धुळ्याला जाणार होता.

आप्पांच्या यादीत पहिलं नाव गावातल्याच, रनाळ्याच्या दवाखान्याचं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको शांतीबाई तिथल्याच खाटेवर होती. डॉक्टर सुई घेऊन शीर शोधत राहिले आणि शीर सापडली नाही. कंदील आप्पांच्याच हातात होता. ही गोष्ट त्यांनी एकाही भाषणात सांगितली नव्हती.

सभासदांना दिवा जळताना दाखवायचा, एवढाच त्यांचा बेत होता. त्यासाठी तंबूतल्या टॉकीजवाल्याकडून डायनॅमो आणून हारुनच्या इंजिनाला जोडला होता. दिवा इंजिनावर जळतोय हे ते आधीच सांगणार होते. पण त्यांचा माणूस भिला फाट्यावर उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटला, "नंदुरबारथून विजेनी तार येल शे! आप्पानी आननी!"

हे आप्पांना कळलं तेव्हा एक्केचाळीस सभासद सतरंजीवर बसले होते आणि धुळ्याचे निरीक्षक बोलायला उभे होते.

"निवडून येण्याआधीच ज्यांनी वीज आणली, त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं," निरीक्षक म्हणाले.

आप्पा खुलासा करायला उठले. लोकांना वाटलं नमस्कार करायला उठलेत. टाळ्या पडल्या. आप्पांनी नमस्कार केला आणि खाली बसले. शेजारी बसलेल्या भिलाला ते दातओठ खात म्हणाले, "भिला, तू मन्हं वाटोळं कयं."

"आप्पा, टाया तं आयका!" भिला म्हणाला.

आधी करणसिंग बापूंचं भाषण झालं. "वीज म्हंजे लोकेसनी ताबेदारी! तठे नंदुरबारले कोनी बटन दाबं का आठे तुम्हना घरमा अंधार. इंजिन आपलं, तेल आपलं. इंजिन कव्हयच दगा देत नई!"

मग आप्पा उठले. गोदामाची दारं लोटून घेतली, अंधार केला. आप्पांनी रुमाल हलवला. पलीकडे पुक् पुक् पुक् सुरू झालं आणि आढ्याला टांगलेला दिवा लागला. सभासद तोंड वर करून बघत राहिले. पिंपळोदचा एक म्हातारा तर पागोटं काढून हात जोडून उभा राहिला.

"बाजूले आवाज कसाना?" कुणीतरी विचारलं.

"विजेचाच असतो," निरीक्षक जाणत्यासारखे म्हणाले.

आता तरी खरं सांगावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात गोदामाचं दार धाडकन उघडलं. दारात त्यांची मोठी बहीण तापीबाई उभी. डोक्यावर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची पाटी.

गिरणीचा पट्टा तुटला होता म्हणून गिरणी आठ दिवस बंद होती. नवा पट्टा कालच आला होता. आणि रनाळ्यात गिरणी उघडली का, हे कुणी विचारायला जात नसे. पुक् पुक् ऐकू आलं की बायका पाट्या उचलत. आप्पांनी अध्यक्षपदाचा, भाषणाचा, रुमालाचा सगळा विचार केला होता. हा एक राहिला होता.

"अक्का, तू आठे कसाले उनी?"

"कसाले म्हंजे? तुन्हा एक्केचाळीस पाहुनासले कळन्याच्या भाकरी कोन करी ऱ्हायनं? पहाटपाईन जातावर आम्हना हात तुटनात! आनि तू गिरनी चालू करीसन सांगत बी नई? त्या हारुननी पुढला दारले कडी लायेल शे. सरक!"

ती सतरंजीवरून सरळ मधल्या दाराकडे निघाली. तिच्यामागे दुसरी बाई, तिच्यामागे तिसरी. सभासद पाय आखडून घेत होते. निरीक्षकांनी डोक्यावरून गेलेल्या पाट्या मोजल्या, सव्वीस भरल्या.

पलीकडून हारुनचा केविलवाणा आवाज आला, "अक्का, आज दळन नई शे! आज सभा शे!"

"सभा पीठ खाई का? पट्टा चढाव!"

हारुनने पट्टा चढवला. जातं घरघरलं, इंजिन दमलं आणि गोदामातला दिवा पिकल्या मिरचीसारखा लाल झाला.

करणसिंग बापू सावकाश उठले. "निरीक्षकसाहेब, एक शंका शे. वीज नंदुरबारथून येल शे ना? मंग तापीबाईनी ज्वारी आठे पडनी का ती कशी मरस?"

निरीक्षकांनी आप्पांकडे पाहिलं. भिला सतरंजीचा दोरा उपटू लागला.

"तार येल नई शे," आप्पा म्हणाले. "हाऊ दिवा हारुनना इंजिनवर शे. मी पहिलेच सांगाले जोयजे व्हतं. नई सांगं. चुकी मन्ही शे."

"देखा!" बापूंनी मांडीवर थाप मारली. "आप्पानी वीज बी मन्हा तेलवरच चालस!"

लोक हसले आणि बापूंसाठी टाळ्या वाजल्या. आप्पा खाली मान घालून बसले. दवाखान्याचा खांब गेला, हे त्यांना कळलं होतं. टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या तेवढ्यात पलीकडे इंजिन खोकलं. पुक्... पुक्... आणि बंद पडलं. दिवा विझला.

मधल्या दारात हारुन आला, भुवयांपर्यंत पीठ. "डिझेल सरी गयं. दिवापुरतंच व्हतं. पिंप सकाय ई."

"आनि मन्हं पीठ?" त्याच्यामागून तापीबाई ओरडली. "चार पायली दानामा बारा भाकरीसनं बी निंघनं नई! बापू, इंजिन दगा देत नई म्हनेत ना? या आते, जातावर दळा तुम्हना हातघाई!"

बापू म्हणाले, "इंजिननी काय चुकी शे? डिझेल नई तं..."

"वीज नई तं दिवा नई, डिझेल नई तं इंजिन नई," पिंपळोदचा म्हातारा म्हणाला. "हाई आम्हले समजस, बापू. पन माले भूक लागेल शे."

एक्केचाळीस माणसं आणि बारा भाकरी, हा हिशोब सगळ्यांनी एकाच वेळी केला. मागच्या बाजूला भरीत कधीचं तयार होऊन दरवळत होतं. निरीक्षकांनी घाईघाईने हात वर करायला सांगितलं. बापूंना अठरा, आप्पांना तेवीस.

"त्यानी चुकी कबूल तरी कयी," म्हातारा शेजाऱ्याला सांगत होता. "हाऊ बापू तं इंजिन बंद पडनं तरी भाषन करी ऱ्हायना."

"अध्यक्ष महाराज," निरीक्षक म्हणाले, "पहिलं काम म्हणून जेवणाचं बघा."

डिझेल गावात एकाच ठिकाणी होतं, बापूंच्या मळ्यातल्या खोलीत. अध्यक्ष रिकामा डबा घेऊन तिकडे चालत गेले. बापू त्यांच्या आधीच पोहोचले होते. पिंपापाशी बसून होते.

"डिझेल देसू," बापू म्हणाले. "पन एक अट शे."

"बोला."

बापूंनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज उतरवला. "खांब येतीन तवय पहिला मन्ही विहिरवर. ह्या इंजिनले हँडल मारी मारी मन्हा खांदा निखळी गया, आप्पा."

आप्पांनी रिकामा डबा पिंपाशेजारी ठेवला.

"पहिला दवाखानावर," ते म्हणाले.

शांतीबाईच्या मयताला खांदा द्यायला बापूही होते. त्यांनी डबा ओढून घेतला, नळी लावली आणि काठोकाठ भरला.

"मंग दुसरा मन्हा," ते म्हणाले. "आनि भिलाले सांगानं नई. तो आजच गावमा खांब उभा करी टाकी."