गरुडदेशाचा नसल्याचा दाखला

एका जंगलात, बाळांनो, एक धनेश पक्षी राहत होता. कुठल्या जंगलात, ते आत्ता विचारू नका. पत्त्याचा रकाना पुढे येणारच आहे, तेव्हा बघू.

त्याचं नाव दिगंबर. चोच एवढी मोठी, की आधी चोच यायची आणि मग सावकाश दिगंबर यायचा. बायकोचं नाव यमुना.

धनेशांची एक जुनी रीत आहे. अंडी घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि दार चिखलाने लिंपून घेते. एक फट तेवढी ठेवते. पिल्लं मोठी होईपर्यंत ती आत आणि नवरा बाहेर. नवऱ्याने फटीतून फळं आत द्यायची आणि बोलणी खायची.

त्या वर्षी उंबराला फळंच धरली नाहीत. ढोलीत यमुना आणि दोन पिल्लं. दिगंबर दिवसभर वणवण हिंडून चार उंबरं आणायचा, त्यातली दोन कच्ची.

"एवढंच?" आतून आवाज यायचा.

"अगं, अक्रोड येतायत ना. आता येतीलच."

हे अक्रोड कुठले, ते सांगतो. मधे बोलू नका.

सातासमुद्रापलीकडे गरुडदेश नावाचा देश होता. तिथली एक कंपनी चोचीला लावायचं तेल विकायची. दिगंबर इकडे त्या तेलाची तारीफ करायचा. ज्याला तेल हवं, त्याने मागणीसोबत दिगंबरचं एक पिवळं पीस पाठवायचं. पीस पोचलं की कंपनीला कळायचं, हे गिऱ्हाईक दिगंबरने आणलं. मग त्याच्या नावावर मूठभर अक्रोड जमा.

तेल धडाधड खपलं. चोचवाल्यांनी घेतलं, बिनचोचवाल्यांनीही घेतलं. अस्वलपाटलांनी नखांना चोपडलं. मुंगसाने शेपटीला लावलं. कासवाने पाठीला लावलं आणि ते उतारावरून थेट ओढ्यात गेलं. वर येऊन म्हणालं, "परदेशी माल तो परदेशी माल."

सगळ्यांचा एवढा विश्वास का? कारण दिगंबर गरुडदेशात राहून आला होता. दोन वर्षांपूर्वी तो आठ दिवस दिसेनासा झाला, आणि परत आला तो मान वाकडी करून बोलतच. "आमच्या गरुडदेशात असं नसतं हं," असं म्हणायचा. उंबराला फिग म्हणायचा. नाव विचारलं तर डिग्बी सांगायचा. असा पक्षी तेल लावा म्हणाला, तर कोण नाही लावणार?

एक दिवस टपालवाला तुतवार आला. हा चिमुकला पक्षी जगभर हिंडून टपाल आणायचा आणि उभा राहिला की सारखी शेपूट हलवायचा. दिगंबर पोतं घ्यायला धावला. तुतवाराने एक कागद पुढे केला.

"नमुना आठ. हा भरून दिल्याशिवाय अक्रोड सुटणार नाहीत."

"काय भरायचं?"

"तुम्ही गरुडदेशाचे नाही, असं लिहून द्यायचं."

दिगंबरने इकडेतिकडे पाहिलं. "हळू बोला हो. आणि असलो तर?"

"तर तिकडच्या राजाचा कर तिकडच्या रीतीने. नसलात, तर आपल्या राजाचा त्यांच्याशी करार आहे, कमी कापतील. पण तुम्ही कोण हे कळेपर्यंत पोतं बंद." तुतवाराने कागद उलटा केला. "खाली साक्षीदार लागेल. तुम्ही तिथे कधीच गेला नाहीत, हे त्याने सांगायचं. चारचौघांत, मोठ्याने, आणि खिडकीवर."

"जंगलात खिडकी कुठून आणू?"

"तो प्रश्न नमुना नऊमध्ये विचारायचा. नमुना नऊ नमुना आठ भरल्यावर मिळतो."

पत्त्याचा रकानाही तिथेच होता, बाळांनो. त्यात 'तेच जंगल' लिहून भागलं. सांगितलं होतं ना, बघू म्हणून.

दिगंबर पेचात पडला. खरं सांगावं तर गिऱ्हाईक जाणार. न सांगावं तर अक्रोड जाणार. आणि ढोलीतलं धाकटं पिल्लू कालपासून ओरडायचंही थांबलं होतं. गिऱ्हाईक गेलं खड्ड्यात, असं म्हणून तो अस्वलपाटलांकडे गेला.

"पाटील, सही करा. मी इथलाच आहे. मी गरुडदेश पाहिलेलासुद्धा नाही."

पाटील पोट धरून हसले. "काय राव, गरिबाची थट्टा करता व्हय? तुमी हितले, आन् मी काय गरुडदेशचा?"

"खरंच सांगतो हो!"

"आवो, पोरीच्या लग्नात मी व्याह्यांना म्हनलं, आमच्या रानात गरुडदेशचा पावना ऱ्हातो. तेवढ्यावर व्याह्यांनी मधाची चार पोळी कमी मागितली. आता कुठल्या तोंडानं सही करू?"

दिगंबर मुंगसाकडे गेला. मुंगूस गहिवरलं. "एवढे मोठे झालात, तरी स्वतःला आमच्यातलेच म्हणता! याला म्हणतात संस्कार." त्याने दिगंबरच्या पायांवर डोकं ठेवलं. सही मात्र केली नाही.

कासव म्हणालं, "डिग्बीसाहेब, तब्येत बरी नाही का?"

अख्ख्या जंगलात एकही प्राणी दिगंबरला आपला म्हणायला तयार होईना. कुणाच्या मनात पाप नव्हतं. सगळ्यांना त्याचा अभिमान होता, हीच तर पंचाईत होती.

शेवटी तो ढोलीपाशी आला. मागून तुतवार, आणि तमाशा बघायला पाटील, मुंगूस, कासव. तुतवाराने झाडाकडे नीट पाहिलं आणि त्याची शेपूट पहिल्यांदाच थांबली.

"ही फट आहे ना, नियमाप्रमाणे ही खिडकी होते. आत कोण आहे?"

दिगंबर फटीशी वाकून पुटपुटला, "अगं, जरा साक्ष द्यायचीय. हळूच बोल."

"हळू कशाला बोलू?" यमुना आतून कडाडली. "पोटात काही नाही. आवाज तेवढा शिल्लक आहे."

"अर्जदाराचं पूर्ण नाव?" तुतवाराने विचारलं.

नवऱ्याचं नाव असं सरळ कसं घ्यायचं? मग फटीतून चोच बाहेर आली.

"उंबराच्या फांदीवर कोवळं कोवळं ऊन,
दिगंबररावांचं नाव घेते फटीतून चोच काढून!"

"वा!" पाटील म्हणाले.

"अर्जदार गरुडदेशात कधी राहिला आहे?"

"हे? गरुडदेशात? हे ओढा ओलांडायचा तर मला सोबत घेतात!"

"मग ते आठ दिवस?" मुंगसाने न राहवून विचारलं.

"फणसवाडीला मामांकडे होते! तीन फणस एकट्याने खाल्ले. सात दिवस पोट धरून पडले होते आणि आठव्या दिवशी मामींनी हाकलून दिलं. मान तेव्हा अवघडली, ती अजून वाकडीच आहे!"

दिगंबरला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. तुतवाराने मात्र शब्दन् शब्द उतरवून घेतला. "इतकी चोख साक्ष मी कुठल्याच देशात ऐकली नाही," तो म्हणाला आणि उडाला.

त्याच दिवशी सगळ्यांनी तेलाच्या बाटल्या कंपनीला परत धाडल्या. फणसवाडीच्या पक्ष्याने सांगितलेलं तेल कोण लावणार? आणि परत आलेल्या मालावर दलालाला हिस्सा नसतो.

पंधरा दिवसांनी गरुडदेशाहून सोनेरी शिक्क्याचा कागद आला. 'आपला अर्ज मंजूर. आपण आमचे कुणीही नाही, याची आम्हाला पूर्ण खात्री पटली आहे. आपली जमा शून्य अक्रोड. करारानुसार त्यातून एकही कापला जाणार नाही.'

दिगंबर कागद घेऊन खाली बसला आणि खरोखर रडला.

पण पाटलांची नजर शिक्क्यावर गेली. त्यांनी कागद हातात घेतला, वास घेतला, उन्हात धरला.

"म्हंजी गरुडदेशच्या राजानं सोता लिहून दिलं, की ह्यो आमचा न्हाई? राजाला म्हाईत हाय ह्यो?"

"आहे ना," दिगंबर नाक पुसत म्हणाला.

"मलाबी पायजे."

"पाटील, तुम्ही तर काहीच विकत नाही."

"इकायचं न्हाई. भिंतीला लावायचाय."

दुसऱ्या दिवशी ढोलीसमोर रांग लागली. रानात चोरून परदेशी कंगवे विकणारा तुरेवाला हुदहुद पक्षी होता, शेपटीचे ब्रश विकणारी खार होती, आणि काहीच न विकणारे तर पुष्कळ होते. प्रत्येकाने साक्षीची म्हणून चार उंबरं आणायची, ती फटीतून द्यायची आणि निमूट उभं राहायचं. मग यमुना आतून त्याची सगळी कुंडली खणखणीत आवाजात मांडायची आणि तुतवार ती उतरवून घ्यायचा. आपापल्या पोटापुरती उंबरं न मिळणारे प्राणी साक्षीपुरती कुठून कुठून घेऊन यायचे. धाकटं पिल्लू गुबगुबीत झालं.

आता त्या जंगलात परदेशी माल कुणी विकत नाही आणि कुणी घेत नाही. पण आपण परदेशी नसल्याचा परदेशी दाखला घरोघरी आहे.

पिल्लं मोठी झाली आणि चिखलाची भिंत फोडून उडून गेली. यमुनेने मात्र ती पुन्हा लिंपून घेतली, फट तेवढी ठेवली. "फटीशिवाय ऑफिस वाटत नाही," म्हणाली.

दाखल्याची मुदत तीन वर्षांची असते. मधल्या काळात तुम्ही गरुडदेशाचे झाला नाहीत, हे पुन्हा सिद्ध करावं लागतं. तीन वर्षांनी दिगंबरही रांगेत उभा राहिला. त्याचा नंबर लागेपर्यंत संध्याकाळ झाली.

"नाव?" आतून विचारलं.

"अगं, मी."

"असं नाव रकान्यात बसत नाही. उंबरं आणलीत?"

त्याने एकेक करून चारही उंबरं फटीतून आत दिली. पूर्वी द्यायचा तशीच, चोचीच्या टोकाने. मग त्यातलं एक उंबर हळूच फटीतून परत बाहेर आलं.

"दिवसभर उभे आहात. आधी खाऊन घ्या," यमुना हलकेच म्हणाली. आणि पुढच्याच क्षणी तिचा आवाज रानभर घुमला, "फणसवाडी! तीन फणस! लिहून घ्या!"

तात्पर्य: बाळांनो, खरं बोलल्याने पोट भरतं. फक्त ते दुसऱ्याबद्दल बोलावं, मोठ्याने बोलावं, आणि खिडकीच्या आतल्या बाजूने बोलावं.