मानक कंबर

नाशिकला देवीच्या जत्रेत आकाशपाळण्यावरून एक चप्पल निसटली आणि मुंबईहून दर्शनाला आलेल्या एका मोठ्या साहेबांच्या डोक्यावर पडली. चप्पल डाव्या पायाची होती. साहेबांना खरचटलंसुद्धा नाही, फक्त टोपी वाकडी झाली. पण मोठ्या साहेबाची टोपी वाकडी झाली की कुठं ना कुठं एक नवं कार्यालय उघडावं लागतं. तसं ते उघडलं. ‘पाळणे व तत्सम करमणूक सुरक्षा कक्ष’ असं त्याचं नाव ठेवलं. ही सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. रविवार कारंजाजवळच्या एका भाड्याच्या माडीवर तीन टेबलं, चार खुर्च्या आणि एक माठ मांडून कक्षानं कामाला सुरुवात केली.

पहिल्या अकरा महिन्यांत कक्षानं निष्कर्ष काढला तो असा: चप्पल पडली कारण ती पायात होती, पाय माणसाला होता, आणि माणूस मोकळा होता. सबब, माणूस बांधण्यात यावा. चप्पलच बांधावी असाही एक प्रस्ताव आला होता, पण चप्पल हा विषय दुसऱ्या खात्याकडे येतो असं निघालं. तेव्हा प्रत्येक पाळण्याला लोखंडी पट्टा बसवायचा, पट्ट्याला कुलूप लावायचं आणि किल्ली कक्षाच्या साहेबांकडे ठेवायची, असं ठरलं. पट्टा केवढा करायचा, एवढंच काय ते राहिलं होतं.

इथं आपल्या पुंजारामचा संबंध येतो. पुंजाराम हा कक्षातला हंगामी कारकून. सात वर्षं तो या ना त्या खात्यात चिकटत आला होता. दर अकरा महिन्यांनी त्याची नोकरी तुटायची आणि दोन दिवसांनी पुन्हा जोडायची. बिचाऱ्याला बढती नको होती की साहेबाची मर्जी नको होती. ‘कायम’ ही तीन अक्षरं आपल्या नावापुढं लागावीत, बस्स, एवढंच त्याचं मागणं. त्यासाठी त्या वर्षी त्यानं देवीला नवस केला आणि नवरात्राचे नऊ दिवस नुसत्या लवंगा आणि पाणी यांवर काढायचं ठरवलं. लोक उपवासाच्या नावाखाली साबुदाण्याची परात रिकामी करतात. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ म्हणतात ते काही खोटं नाही. पण पुंजारामचा उपवास खरोखरीचा होता.

सातव्या माळेला दुपारी कक्षाचे प्रमुख देवरेसाहेब ताडकन खुर्चीतून उठले.

“सर्वसाधारण नागरिकाची कंबर हवी आहे,” ते म्हणाले. “आजच्या टपालात गेली पाहिजे.”

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. शिपाई भिकन चहा आणायला गेला होता, म्हणजे तासाभराची निश्चिंती. स्वतः साहेबांची कंबर चव्वेचाळीस इंचांची, पण ती राजपत्रित असल्यामुळं तिला सर्वसाधारण म्हणणं शिस्तीला धरून झालं नसतं. राहता राहिला पुंजाराम.

“पुंजाराम, उभे राहा.”

पुंजाराम टेबलाला धरून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांपुढं काजवे चमकत होते.

“साहेब, आज सातवी माळ आहे. पोटात लवंगेशिवाय काही नाही. एरवी माझी कंबर एवढी नसते.”

“एरवीचं मला कोण विचारतंय? टपाल आज जायचंय.”

खालच्या शिंप्याला टेप घेऊन वर बोलावलं. त्यानं पुंजारामच्या कमरेभोवती टेप गुंडाळली आणि चोवीस इंच सांगितले. मग सवयीनं त्यानं विचारलं, “दोन बोटं सैल धरू का?”

“सैल धरायला ही विजार आहे का?” देवरेसाहेब म्हणाले. “ही सुरक्षा आहे.”

चार महिन्यांनी वरून मंजुरी आली. सोबत एक शेराही आला. वजनाचं माप किंवा लांबीचं माप जसं जपून ठेवतात, तसं कमरेचं मापही जपून ठेवणं आवश्यक आहे, आणि मानक हे हंगामी असू शकत नाही. सबब, सदर कंबर धारण करणाऱ्या कर्मचाऱ्यास कायम करण्यात यावं. तसं नवं पद निर्माण झालं: मानक कंबर धारक, वर्ग तीन. पुंजारामच्या सेवापुस्तकात लाल शाईनं नोंद झाली, ‘कंबर चोवीस इंच, कायम.’ यातलं ‘कायम’ नोकरीला लागू की कमरेला, हे कुणी विचारलं नाही. पुंजारामनं तर नाहीच विचारलं. तो त्या रात्री घरी जाऊन ढसाढसा रडला.

आता सात वर्षं हात आखडून रांधणं बाईच्या जातीला आणखी किती दिवस सोसणार? सुमनबाईनं, म्हणजे पुंजारामच्या बायकोनं, तूप सढळ केलं. आठवड्यातून दोनदा शिरा होऊ लागला. रविवारी सकाळी पुंजाराम पंचवटीत जाऊन तर्रीदार मिसळ हाणायचा, वर जिलबी. नवस फळला होता, तेव्हा पुढच्या नवरात्रात उपवासाचं कारणच उरलं नाही. कायम माणसाची जशी दिसायला हवी तशी कंबर त्याला आली.

“अहो, विजार पुन्हा उसवावी लागणार,” सुमनबाई एकदा म्हणाली. “चौतीस भरतेय.”

“हळू बोल. माझी कंबर चोवीस आहे.”

“मग ही कुणाची?”

 पुंजारामनं सदरा खाली ओढला आणि तो कचेरीत गेला.

त्या वर्षीच्या जत्रेत पट्टे बसले. आकाशपाळणा गोटीरामचा. गोटीराम मनमाडकडचा, वीस वर्षं जत्रा करणारा माणूस. पहिल्या माळेला पाळण्यापुढं ही रांग लागली. पट्टा बसला तो फक्त तिघांना, त्यातला एक नुकताच काविळीतून उठलेला होता. लहान पोरांना तोच पट्टा ढगळ व्हायचा, म्हणून चोवीस इंच भरेपर्यंत पोरांना उशा बांधाव्यात असं परिपत्रक निघालं. जत्रेत आया काखेला पोर आणि डोक्यावर दोन उशा घेऊन हिंडू लागल्या.

पाळण्याशेजारी तंबू ठोकून कक्षानं तक्रारीचं टेबल मांडलं, त्यावर पुंजाराम. तक्रार कितीही लांबलचक असली तरी उत्तर एकच असल्यामुळं त्यानं त्याचा रबरी शिक्काच करून घेतला होता: ‘पट्टा योग्य. अर्जदार जादा.’

तिसऱ्या माळेला त्र्यंबक रस्त्याकडच्या एका वाडीवरून नवसाबाई नावाची म्हातारी आली. नातवाचा ताप उतरला तर पाळण्यात बसून वरून देवीच्या कळसाला हात जोडीन, असं ती बोलून बसली होती. नातू खडखडीत बरा होऊन बसला होता, आता देणं म्हातारीकडं होतं.

“भाऊसाहेब, पट्टा काय बसंना,” ती म्हणाली.

“पोट आत घ्या, आजी.”

“घेतलं की. आजून घेतलं तर पाठीतून भाईर येईल.”

“मग तुम्ही जादा आहात.”

“मी कशाची जादा? दोन वेळची भाकर खाते, ती बी कोरडी.”

पुंजारामला क्षणभर कसंसंच झालं. खरं काय ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण त्यानं शिक्का उचलला आणि मारला. म्हातारी कागद कपाळाला लावून गेली. पाचव्या माळेला ती परत आली, तेव्हाही त्यानं शिक्का मारला.

शेवटी गोटीराम देवरेसाहेबांकडं गेला. “साहेब, पाळणा रिकामा फिरतोय. लोक बसंनात.”

“अपघात किती झाले?”

“मानूसच नाय तर अपघात व्हनार कुनाला?”

“म्हणजे शून्य. पुंजाराम, लिहून घ्या. योजना शंभर टक्के यशस्वी.”

तरी लोकांच्या सोयीसाठी कक्षानं पाळण्यावर पाटी लावली, ‘श्वास सोडून बसावे.’ तशी आणखी दहापाच माणसं बसू लागली. पण माणसाची खोड वाईट. वर गेली की ती जुन्या सवयीनं श्वास घ्यायची, पट्टा बरगड्यांत रुतायचा आणि सगळी जत्रा वर बघायला लागायची. मग दुसरी पाटी लागली, ‘पाळणा फिरत असताना श्वास घेऊ नये.’ आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत, ‘किंकाळी ही तक्रार समजली जाणार नाही.’

योजना शंभर टक्के यशस्वी झाल्याचं कळल्यावर आठव्या माळेला ते मोठे साहेब स्वतः आले. तेच, टोपीचे. या खेपेला ते पाळण्यापासून बरेच लांब उभे राहिले. सुमनबाईही नवं लुगडं नेसून, नवऱ्याचं कौतुक बघायला पुढं येऊन उभी होती. रांगेत पहिली होती नवसाबाई.

“प्रात्यक्षिक दाखवा,” मोठे साहेब म्हणाले.

“मानक हजर आहे,” देवरेसाहेब म्हणाले आणि त्यांनी पुंजारामकडं बोट केलं.

पुंजारामच्या पोटात सकाळच्या दोन प्लेट मिसळ होत्या. तो पाळण्यात बसला. पट्टा कमरेच्या अर्ध्या वाटेवर येऊन थांबला. भिकननं एक टोक धरलं, गोटीरामनं दुसरं. बंदोबस्ताचे दोन हवालदार पुंजारामच्या पोटाला गुडघे लावून रेटू लागले. पुंजारामनं होता नव्हता तेवढा श्वास सोडून दिला. कुलूप बसलं. त्याचा चेहरा जांभळा झाला आणि डोळे नारळाएवढे झाले.

“मध्यभागी जरा फुगलेलं दिसतंय,” मोठे साहेब म्हणाले.

“सदरा आहे, सर. कागदावर कंबर चोवीस आणि पट्टा चोवीस. घट्ट होण्याचा प्रश्न उद्भवत नाही.” देवरेसाहेबांनी किल्ली खिशात टाकली आणि पुंजारामच्या कानाशी वाकले. त्यांचा आवाज मायाळू होता.

“पुंजाराम, घट्ट होत असेल तर सांगा, मी आत्ता उघडतो. फक्त तसं लेखी द्यावं लागेल. घट्ट आहे म्हणजे तुमची कंबर चोवीस नाही. चोवीस नाही म्हणजे तुम्ही मानक नाही. आणि मानक नाही तर कायम कसे राहाल? बघा, माझी काही जबरदस्ती नाही.”

पुंजारामला समोर सुमनबाई दिसत होती. तिला वाटत होतं नवरा अभिमानानं लाल झालाय. तिच्याशेजारी नवसाबाई दोन्ही हात छातीशी धरून त्याच्या तोंडाकडं बघत होती. ती अडाणी असली तरी एवढं तिला कळत होतं की या माणसानं एकदा ‘घट्ट आहे’ म्हटलं की सगळ्यांचेच पट्टे सैल होणार. बोल बाबा, असं तिचे डोळे म्हणत होते. पुंजारामलाही बोलायचं होतं. नऊ माळांच्या उपवासाची शपथ, त्याला बोलायचं होतं. पण दर अकरा महिन्यांनी तुटणारी ती नोकरी त्याला आठवली. दोन दिवस घरी बसून, नव्या नेमणुकीचा कागद येतोय का म्हणून जिन्यातल्या पावलांकडं कान लावणं आठवलं. बरगड्यांत रुतलेल्या लोखंडापेक्षा ती आठवण त्याला जास्त रुतली.

“काय हो, कसा आहे पट्टा?” मोठ्या साहेबांनी लांबूनच विचारलं.

“सैल... आहे... सर.”

“किती सैल?”

पुंजारामला त्या शिंप्याचे शब्द तेवढे आठवले. “दोन... बोटं.”

मोठ्या साहेबांच्या कपाळाला आठी पडली. “दोन बोटं? आणि याला सुरक्षा म्हणता? देवरे, उद्याच्या उद्या सगळे पट्टे दोन बोटं आवळून घ्या.”

“होय सर. पुंजाराम, खाली आल्यावर लिहून घ्या.”

रांगेतून नवसाबाई बाहेर निघाली. पुंजारामच्या पोटाकडं तिनं एकदा नीट पाहिलं आणि ती सुमनबाईला म्हणाली, “एवढ्या पोटाला बी सैल व्हतो म्हनं. म्हंजी माजंच अंग पापी. जाते, एक वेळची भाकर सोडते अन् फुडच्या साली येते.”

 गोटीरामनं इंजिन सुरू केलं. पुंजाराम वर गेला. वरून गोदावरीचा घाट दिसला, देवीचा कळस दिसला. त्यानं हात जोडायला हवे होते, पण दोन्ही हात पट्टा बाहेर रेटण्यात गुंतले होते. खाली रांगेतल्या एकजात सगळ्या माणसांनी, पट्टा अजून दूर असतानाच, आपापलं पोट आत ओढून घेतलं होतं आणि त्यांची तोंडं हसरी होती.

आणि तुम्ही? गोष्ट वाचता वाचता तुम्हीही मघाशी हळूच पोट आत घेतलंत, नाही म्हणू नका. सोडा आता, इथं कुणी टेप घेऊन आलेलं नाही. येईल तेव्हा येईल. त्या वेळी तो विचारेल, पट्टा कसा काय आहे? आणि तुम्ही काय सांगाल ते आम्हाला पाठ आहे, कारण आम्हीही तेच सांगत आलोय: दोन बोटं सैल.