जंगल भेट : दहा गुण

विषय येणे आणि विषयात पास होणे या दोन स्वतंत्र बाबी असून, त्यांचा परस्परसंबंध विद्यापीठाने अद्याप मान्य केलेला नाही. ही शिस्त आहे म्हणूनच पदवीला किंमत आहे.

नियम सोपा आहे. प्रत्येक विषयाला शंभर गुण. लेखी ऐंशी, अंतर्गत वीस. लेखीत बत्तीस हवेत आणि अंतर्गतमध्ये आठ. इकडचे तिकडे चालत नाहीत. (ज्यांना हे एका वाचनात समजले, त्यांनी परीक्षा विभागात अर्ज करावा, तिथे तशी माणसे कमी आहेत.)

भामरागडकडच्या सोमारीला पर्यावरण या विषयात लेखीला एकाहत्तर गुण पडले. अंतर्गत सात. एकूण अठ्ठ्याहत्तर, म्हणजेच नापास. पदवीचा हा शेवटचाच विषय. तिच्याच गावच्या जंगलात झाडे मोजायला एका प्रकल्पाला सर्वेक्षक हवा होता. अट पदवीची, आणि गुणपत्रिका शुक्रवारपर्यंत.

अंतर्गत गुणांची फोड अशी: हजेरी पाच, वर्तन पाच, जंगल भेट दहा. नदीने रस्ता वीस दिवस अडवल्यामुळे सोमारीला हजेरीचे तीन मिळाले. वर्तनाचे चार. (पाचवा गुण कुणालाच देत नाहीत, लाडावतात.) जंगल भेटीला ती गैरहजर होती. त्या दिवशी ती जंगलातल्या घरी अडकली होती.

भेट मात्र यशस्वी झाली. बेचाळीसपैकी एकेचाळीस विद्यार्थी बसने गेले. पाऊस असल्याने जंगल काचेतून पाहण्यात आले, नंतर ढाब्यावर मिसळ. चाळीस अहवाल झेरॉक्सच्या दुकानातून एकाच छापाचे निघाले आणि त्या सर्वांत गडचिरोलीच्या जंगलात देवदार आढळला. प्रत्येकी आठ गुण. एकेचाळिसावा भद्रावतीचा लोकेश. त्याने रस्ता आणि नेटवर्क सुरू झाल्यावर सोमारीला फोन लावून तेंदू, मोह, येन, चारोळी अशी नावे लिहून घेतली. त्याला नऊ. (एक गुण देवदार विसरल्याबद्दल कापला.)

बुधवारी सोमारी परीक्षा विभागाच्या खिडकीशी उभी राहिली. आत हरिदासभाऊ. माणूस प्रेमळ, तंबाखू मळतानाही नियम सांगतो.

"भाऊ, त्या दिवशी मी जंगलातच होती न."

"होतीस ना. पण राहणं वेगळं अन् भेट देणं वेगळं. भेटीले बाहेरून यावं लागते."

"मंग लेखीतला एक मार्क इकडे टाका. एकाहत्तर हायेत."

"मार्कायची बदली होत नाई, बाई. अन् एवढे कायले घेतले तू? लेखीत दोननं पडली असती, तर कृपांक देता आले असते. अंतर्गतले कृपांक नसतात. लोकेशले तीसच होते, दोन देल्ले. तो पास."

"मंग मी नापास कायच्यात झाली?"

हरिदासभाऊंनी नोंदवही पाहिली. "पर्यावरणात," ते म्हणाले.

उपाय आहे. पुढच्या वर्षी पुन्हा जंगल भेट करावी. तारीख ठरलेली आहे, ऑगस्टचा दुसरा शनिवार. नदी तेव्हाच चढते. पण नदीने वेळापत्रक मागवले नाही, त्याला विद्यापीठ काय करणार?

शुक्रवार आला आणि नियमाप्रमाणे गेला. सर्वेक्षक म्हणून लोकेश नेमला गेला. तो सोमारीच्याच गावी राहायला आला, तिच्याच अंगणात चहा पिऊन कामाला लागला.

पहिल्याच दिवशी त्याने एका खोडाला हात लावून विचारले, "सोमारी, हे कोनतं झाड व?"

"तुले नऊ हायेत न. मले शून्य. मी काऊन सांगू?"

"सांग ना बाई. नाई तं देवदार लिहीन."

तिने सांगितले. झाडाचे नाव चुकू नये, एवढ्यासाठी. येनच होता तो. अशी चार महिने ती पुढे चालली आणि तो मागून लिहीत गेला. सर्वेक्षण अचूक झाले. शेवटच्या पानावर सहकार्याबद्दल 'स्थानिक ग्रामस्थ' यांचे आभार आहेत.

वाचकहो, आपलीही पदवी भिंतीवर कुठेतरी असेलच. तिच्यातले किती गुण आपले आणि किती अशा एखाद्या स्थानिक ग्रामस्थाचे, हे आठवून पाहा. नाव आठवत नसेल तर काळजी नको.

आपण पास आहात.