साइडकारमधलं पोतं

मोटारसायकल विकायची हे चष्मेवाल्याच्या बायकोने ठरवलं आणि त्याने नाइलाजाने मान डोलावली. जुनी शर्यतीची गाडी, तिला जोडलेली साइडकार. सगळा पोर्च तिनेच अडवला होता. त्यात सासरे राहायला आलेले. त्यांना सकाळच्या उन्हात बसायला जागा हवी होती. म्हाताऱ्या माणसापुढे गाडीची बाजू कुठल्या तोंडाने घेणार? चष्मेवाला आतल्या आत कुढत होता.

गिऱ्हाईक म्हणून एक दातांचा डॉक्टर आला. गाडी सगळ्या बाजूंनी न्याहाळून त्याने एक चक्कर मारू का म्हणून विचारलं.

"रिकामी साइडकार वळणावर उचलली जाते," चष्मेवाल्याने बजावलं. "म्हणून आत वाळूचं पोतं ठेवलंय. ताडपत्री काढू नका."

डॉक्टर भरधाव निघून गेला. फाटक लावायला चष्मेवाला वळला, तर पोतं भिंतीला टेकून उभं आणि त्यावर सासऱ्यांचं कानाचं यंत्र. सासऱ्यांना विड्यांची बंदी होती. ते कुठेतरी लपून ओढतात हे त्याला ठाऊक होतं, पण साइडकारमध्ये, ताडपत्रीखाली, हे आत्ता कळलं. ओढता ओढता डोळा लागला असणार.

त्याने डॉक्टरला फोन लावला. तो पायरीवर राहिलेल्या डॉक्टरच्याच पिशवीत वाजू लागला. तेवढ्यात बायको बाहेर आली.

"बाबा कुठेत?"

"गिऱ्हाइकाबरोबर गेलेत."

"ते कशाला?"

'वजन म्हणून' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. गाडी दाखवायला, असं पुटपुटत तो कोपऱ्यापर्यंत धावला. गाडी गेली खड्ड्यात, म्हातारा तेवढा धडधाकट परत येऊ दे, असं त्याला मनापासून वाटलं आणि स्वतःचंच नवल वाटलं.

गाडी आली. ताडपत्री कुठेतरी उडाली होती. सासरे ताठ बसलेले, केस उभे. डॉक्टरचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता.

"वळणावर पोत्याने माझी मांडी धरली," तो कसाबसा म्हणाला. "आणि म्हणालं, अजून जोरात."

बायको बाबांना उतरवायला पुढे झाली. ते हलेनात.

"गाडी विकायची नाही. बसायला जागा हवी होती ना मला? मिळाली."

इतके खुशीत तिने बाबांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. तिने मुकाट्याने हात मागे घेतला. चष्मेवाल्याला गहिवरून आलं. डॉक्टरच्या हातातली किल्ली घेऊन तो सीटवर बसायला गेला, तर सासऱ्यांनी हात आडवा धरला.

"जावईबापू, राग मानू नका, पण तुम्ही फार जपून चालवता. डॉक्टर, रविवारी मोकळे असता का?"

डॉक्टर मोकळाच असायचा.