मफद्दलच्या ॲम्पची परीक्षा

"एक सूर! फक्त एक सूर वाजव! बाचा ॲम्प कुठला आणि तुझं खेळणं कुठलं, हे बूश्ताकाका झोपेतसुद्धा सांगतील!" गिझलानने भावाला ठणकावलं.

अन्वर फ्रान्समधल्या ल्योंहून चहाच्या तबकाएवढी एक डिजिटल पेटी घेऊन आला होता. तिला कुठलाही गिटारचा ॲम्प ऐकवा, ती त्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल उचलते म्हणे! बुधवारी आल्या आल्या त्याने बाचा ॲम्प तिला ऐकवलासुद्धा. आता त्याचं म्हणणं असं, की बा अर्धवट ठेवून गेले ती चाल या पेटीतूनच रेकॉर्ड करायची. आणि चौघांनाही न उचलवणारं ते धूड रबातच्या एका वादकाला देऊन टाकायचं. तो शनिवारी गाडी घेऊन यायचा होता.

"पेटी जिंकली तर ॲम्प जाणार. कबूल?"

"जिंकली तर ना! कबूल!"

बाला जाऊन आठ महिने झाले होते. कासाब्लांकातल्या लग्नांत बाने, म्हणजे मफद्दलने, खालची तार छेडली, की पलीकडच्या गल्लीतली माणसं म्हणायची, आला! त्या तारेत एक झणझण होती, तांब्यात भुंगा अडकल्यासारखी. बूश्ताकाकांच्या मते ती ॲम्पमधल्या जुन्या व्हॉल्व्हची, त्या काचेच्या नळ्यांची करामत. "मुरांब्यासारखे मुरलेत ते," असं ते सगळ्यांना सांगत.

परीक्षेसाठी गिझलानने गुरुवारचा अख्खा दिवस ॲम्प घासला. मागची फळी काढली, धूळ झटकली, स्क्रू आवळले. आत पातळ फडक्यात सैल गुंडाळलेला एक डबा होता. बा जुन्या तारा, किल्ल्या अशाच डब्यांत ठेवत. तिला तो उघडवेना. तिने तो तसाच नेऊन स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवला. संध्याकाळपर्यंत ॲम्प असा चकाकला, जणू त्याचंच लग्न!

शुक्रवारी रव्याची वाफवलेली कुसकुस चापून परीक्षक दिवाणखान्यात लोडांना टेकले. बूश्ताकाका बाच्या बँडमध्ये बेस वाजवत, आणि हमिदूकाका ड्रम. हमिदूकाकांनी डावा कान कधीच ड्रमना अर्पण केला होता. ॲम्प आतल्या खोलीत, समोर माइक, दारावर तीन घोंगड्या. दोन्ही आवाज दिवाणखान्यातल्या एकाच स्पीकरमधून येणार. अन्वर चादरीच्या पडद्यामागे बटण घेऊन बसला. कधी काय लावलंय, हे वाजवणाऱ्या गिझलानलाही ठाऊक नव्हतं.

"पहिला!"

बूश्ताकाकांनी नाक मुरडलं. "दाताच्या दवाखान्यात बसल्यासारखं वाटतंय! गुळगुळीत, बेचव! मीठ विसरलेली कुसकुस आहे ही, पोरी!"

"दुसरा!"

खालची तार झणझणली. हमिदूकाका ताडकन उभे राहिले. "मफद्दल! अरे, हा तर आपला मफद्दल!"

बूश्ताकाका लोडच बडवायला लागले! गिझलानची बोटं क्षणभर अडखळली. मग तिने गिटार अशी जोरात वाजवली, की शेजारचं कुत्रं भुंकलं.

"हरलास की नाही?" ती ओरडली.

अन्वर चादरीमागून बाहेर आला. चेहरा ईदच्या चंद्रासारखा!

"दुसरी माझी पेटी होती."

"खोटारड्या!" हमिदूकाकांनी चादर खेचली. ती खिळ्यांसकट खाली आली आणि काकांनाच गुंडाळून बसली! त्यांना सोडवून पुन्हा परीक्षा घेतली. या खेपेला बटण खुद्द बूश्ताकाकांच्या हातात, डोळे मिटून. उत्तर तेच! तिसऱ्यांदा हमिदूकाकांनी शाबूत कान थेट स्पीकरला लावला. तेच!

"चाळीस वर्षं सांभाळला हा कान," ते लोडावर कोसळले, "आणि शेवटी फितूर झाला!"

"चला, रबातला फोन लावतो," अन्वर म्हणाला.

गिझलानने गिटार मांडीवर आडवी ठेवली. बाचा ॲम्प तिने स्वतःच्या तोंडाने घालवला होता.

इतक्यात स्वयंपाकघरातून आवाज आला. "हा डबा इथे कुणी ठेवला?"

गिझलानची आई, यम्मा! चहाला साखर संपली म्हणून ती फळ्या धुंडाळत होती. ती बाहेर आली तेव्हा फडकं तिच्या खांद्यावर होतं आणि डबा हातात. डब्यात काठोकाठ साखरेचे खडे!

"ॲम्पमध्ये होता," गिझलान पुटपुटली.

यम्माने एकदा आतल्या खोलीकडे पाहिलं, एकदा डब्याकडे.

"अकरा वर्षं! अकरा वर्षं मी डॉक्टरांशी भांडले, की तुमच्या गोळ्या बोगस आहेत, याची शुगर उतरतच नाही! आणि हा माणूस रोज दार लावून म्हणे रियाज करायचा!"

संतापाने तिने डबा हलवला. सैल झाकण झणझणलं.

दोन्ही काकांनी एकमेकांकडे पाहिलं.

"लाल्ला झुबैदा," बूश्ताकाका यम्माला अदबीने, हळूच म्हणाले, "पुन्हा हलवा बरं."

झणण!

"हाच! हाच तो!" हमिदूकाका नाचायलाच लागले. "कसले व्हॉल्व्ह अन् कसला मुरांबा रे, बूश्ता! झाकण होतं, झाकण!"

अन्वरने डोकं धरलं. "बुधवारी डबा आतच होता..."

"म्हणजे ल्योंहून आणलेली तुझी पेटी साखरेचा डबा शिकून बसली!" गिझलान हसता हसता डोळे पुसायला लागली.

ॲम्प दिवाणखान्यात ढकलत आणला आणि डबा त्यात जागच्या जागी गेला. तिने खालची तार छेडली. पहिला की दुसरा, कुणी विचारलंच नाही. अन्वरने फोन गुपचूप खिशात टाकला.

मग चहा आला. एक घोट घेऊन हमिदूकाकांनी तोंड वाकडं केलं आणि ॲम्पच्या मागे हळूच हात घातला. यम्माने त्यांच्या मनगटावर सणसणीत फटका हाणला.

"हात काढा! एक खडा कमी झाला तर आवाज बिघडेल!"

आणि सगळ्यांनी मुकाट्याने बिनसाखरेचा चहा प्यायला.