निश्चिंत मेंदूचा नमुना

"माणसाचं सगळं सुखदुःख शेवटी जोडण्यांवर अवलंबून असतं," घराच्या दारात उभं राहून मेंदूच्या डॉक्टरांनी जाहीर केलं. "मेंदूचा एक भाग दुसऱ्याशी नीट जोडलेला असला की माणूस शांत. जोडणी बिघडली की काळजी आली, उदासी आली, सगळं मागोमाग आलंच."

"बुटाची नाडी सुटलीय," बायको म्हणाली आणि खाली वाकून तिने ती बांधली. जोडण्यांच्या संशोधनात केस पांढरे केलेल्या या गृहस्थांना साधी गाठ म्हणून मारता येत नसे. लग्नापासून ते खातं तिच्याकडेच होतं.

त्या दिवशी प्रयोगशाळेत समिती येणार होती. तिच्यासमोर प्रत्यक्ष मेंदू तपासून दाखवायचा, आणि मग ती ठरवणार, प्रकल्प चालू ठेवायचा की गाशा गुंडाळायचा. काळजीने पोखरलेले मेंदू डॉक्टरांकडे ढीगभर होते. अडचण होती ती तुलनेसाठी लागणाऱ्या निश्चिंत मेंदूची. ज्याला निश्चिंत म्हणून निवडून ठेवलं होतं, त्याने सकाळीच कळवलं की त्याला यंत्राची भीती वाटते.

"निवांतला नेऊ का?" डॉक्टरांनी विचारलं.

निवांत म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. घराला आग लागली तर 'बरी ऊब आली' म्हणून कूस बदलणारा प्राणी.

"न्या. पण त्याला काही होणार नाही ना?"

"त्याला काही होत नाही, म्हणून तर नेतोय!"

यंत्राजवळ धातू चालत नाही. म्हणून निवांतचे कपडे उतरवून त्याला रुग्णाचा झगा चढवण्यात आला. पुढून अंगभर, मागून नुसते बंद. ते बंद खुद्द डॉक्टरांनी घाईघाईत बांधले. निवांत फळीवर आडवा झाला आणि फळी यंत्राच्या बोगद्यात सरकली. हातात हाक मारायचं बटण होतं. काचेपलीकडे समिती पडद्यासमोर बसली. पडद्यावर त्याचा मेंदू निळाशार दिसत होता.

"पाहा," डॉक्टर म्हणाले, "भीतीचं केंद्र झोपलंय."

"तेवढंच, की सगळाच मेंदू?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी घाईने माइक ओढला. "छान चाललंय रे! आटोपलं की समितीची सगळी मंडळी आत येऊन तुला भेटणार आहेत."

पडद्यावर एक लाल ठिपका उमटला. पाठोपाठ बटण वाजलं.

"दाजी, मंडळी येणार ती समोरून, की मागून?"

"कुठूनही येतील! तू काळजी करू नकोस."

ठिपक्याची रेघ झाली.

"दाजी, तुम्ही एकटेच जरा आत येता का?"

"आत्ता कसा येऊ? काळजी करू नकोस म्हटलं ना!"

रेघेला फाटे फुटले. भीतीचं केंद्र जागं होऊन उरलेल्या मेंदूला हाका मारत सुटलं.

"हा निश्चिंत माणसाचा नमुना?" अध्यक्षबाईंनी चष्मा पुसला.

"हो. म्हणजे... सकाळपर्यंत होता."

त्या क्षणी डॉक्टरांचा मेंदू तपासला असता तर पडदाच जळाला असता. वर्षानुवर्षांचं काम डोळ्यांदेखत लाल होत होतं.

"थांबा," बाई पुढे सरकल्या. "तेच वाक्य परत म्हणा बघू."

"काळजी करू नकोस," डॉक्टर रडव्या आवाजात म्हणाले.

पडदा भडकला.

"अहो डॉक्टर, शोध आहे हा! धीराच्या एका वाक्याने धडधाकट माणूस असा पेटतो! आणि आपण जन्मभर सगळ्यांना हेच सांगत आलो. मी तर कालच सुनेला सांगितलं. प्रकल्प बंद कसला करताय? वाढवा!"

"मला ही शंका होतीच," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. ती त्यांना नुकतीच आली होती.

समिती आत गेली. फळी बोगद्यातून बाहेर सरकली. "उठा, उठा!" अध्यक्षबाईंनी हात पुढे केला. "आज तुमच्या मेंदूने विज्ञानावर उपकार केलेत."

निवांत उठला नाही. पाठ फळीला घट्ट चिकटवून त्याने पडल्या पडल्याच हात मिळवला. डॉक्टर अभिमानाने त्याच्यावर झुकले.

"बोल, काय वाटतंय?"

निवांत कुजबुजला, पण यंत्राची घरघर थांबल्यामुळे ते सगळ्यांनाच ऐकू गेलं.

"दाजी, मघापासून तेच सांगायला बघतोय. आडवा झालो तेव्हाच मागची गाठ सुटली. तुम्ही आता हात नका लावू. ताईला तेवढं बोलावून घ्या."